रुमालाने धरलेली जागा

वैजू, वाद मी जिंकले.

हे आधी सांगून टाकते. रडायचं ते मागाहून रडेन, त्याला काही घाई नाही. पण तुझ्यासमोर उभं राहून एकदा तरी ठासून म्हणायचं होतं की वाद मी जिंकले, आणि नेमकी तेव्हाच तू नाहीस. हे तू मुद्दाम केलंस असं मला वाटतं. हरायची वेळ आली की तू नेहमीच उठून गॅस बघायला आत जायचीस.

वाद कसला, ते तुला सांगायला नको. पण आपल्या दोघींत कधी चहाला न बसलेली माणसंही हे वाचतील, तेव्हा त्यांच्यासाठी सांगते. वैजू माझी शेजारीण. बोरिवलीत एकाच मजल्यावर, दारासमोर दार. ती अंधेरीला एमआयडीसीतल्या एका औषधांच्या लॅबमध्ये शास्त्रज्ञ होती. मी घरी हलव्याचे दागिने करते. ती डॉक्टरेट, मी जुनी मॅट्रिक, तीही गणितात कशीबशी. पुढचं जे काही मला येतं ते विचारून विचारून शिकले, आणि त्यातलं निम्मं हिला विचारून. रिटायर झाल्यावर एका संध्याकाळी गॅलरीत बसली होती, चहाचा कप नुसता हातात धरून, आणि मला म्हणाली,

"शके, उमेदीची सगळी वर्षं त्या लॅबमध्ये घातली गं. जन्मभर नुसते रुमाल शिवले. एकही दाराबाहेर पडला नाही. माझ्यामुळे एका माणसाचा एक श्वास तरी सोपा झाला असेल का?"

"झाला."

"कोणाचा? पुरावा दाखव."

पुरावा माझ्याकडे नव्हता. मी आपली म्हणत राहिले झाला, झाला, आणि तू मान हलवत राहिलीस. मग तू आजारी पडलीस, मग वाद घालण्याइतका दम तुझ्यात राहिला नाही, आणि मला एकतर्फी जिंकायला आवडत नाही. वाद तिथेच राहिला. आता पुरावा आहे. पण तो नीट मांडायचा तर रुमालापासून सुरुवात करायला हवी.

आठवतं ना, मे महिना होता. तुला माझ्या माहेरी कुडाळला नेत होते. एसटी स्टँडला लागायच्या आत आमच्या ह्यांनी धावत जाऊन खिडकीतून रुमाल आत टाकला, शेजारच्या खिडकीतून दुसरा. झाली जागा धरून. आपण बॅगा सांभाळत, धापा टाकत आत शिरलो, तर आपल्या जागेवर एक बाई टेबल फॅन मांडीवर घेऊन बसलेली. रुमाल तिने नीट घडी करून बाजूला ठेवला होता. मी म्हटलं, अहो, आम्ही रुमाल टाकला होता. तर ती शांतपणे म्हणाली,

"रुमालान तिकीट काढल्यान काय गो?"

मी भांडायला पदर खोचला आणि मागे वळून बघते तर तू हसत सुटलेली. इतकी की कंडक्टरने पाणी हवंय का विचारलं. शेवटी फॅनवाली जरा सरकली, आपण दोघी एकमेकींना चिकटून बसलो, हे उभे राहिले. गाडी सुटल्यावर तू म्हणालीस, "शके, मी लॅबमध्ये काय करते विचारायचीस ना? ते आत्ता तुझ्या डोळ्यांसमोर घडलं."

आणि मग घाट येईपर्यंत तू बोलत होतीस. पेशीच्या पडद्यात खुर्च्या असतात म्हणालीस. मी विचारलं, कशा बसवलेल्या? तर म्हणालीस, एक लांबलचक दोरा घे आणि कापडातून सात वेळा आतबाहेर ओव, तशा. हे मला तिथल्या तिथे पटलं, कारण दिवसभर मी दुसरं काय करते. त्या ओवलेल्या दोऱ्याची बाहेरच्या बाजूला बैठक होते. शरीरात फिरणारा एखादा उतारू येतो, समजा ॲड्रेनलिन, घाबरलो की धावत सुटणारा. तो येऊन बसला की खुर्ची जराशी हलते. खुर्चीच्या आतल्या अंगाला एक कंडक्टर उभा असतो. खुर्ची हलली की तो दोरी ओढतो, घंटी वाजते, गाडी सुटते. हृदयात ही घंटी वाजली की धडधड वाढते.

"कंडक्टरचं नाव काय?"

"जी प्रोटीन."

"जी? एवढंच? कुणाचं आद्याक्षर?"

"असू दे गं. आता रुमाल बघ. रुमाल जागा धरतो, पण रुमालाला वजन नाही. खुर्ची हलत नाही. कंडक्टरला कळतही नाही की तिथे काही आहे. घंटी नाही, गाडी जागच्या जागी. आणि खरा उतारू आला तर त्याला बसायला जागा नाही. असे रुमाल शिवायचे, हे माझं काम."

"आणि ही फॅनवाली?"

"गर्दी फार झाली की कोणीतरी रुमाल उचलतंच. म्हणून गर्दी किती आहे ते बघून रुमाल किती टाकायचे ते ठरवायचं. त्यालाच डोस म्हणतात."

फॅनवाली वळली. "माझ्या नावान काय बोलतास गो?"

"तुमचं कौतुक चाललंय," तू म्हणालीस, आणि तुझ्या डब्यातली गूळपोळी तिच्या हातावर ठेवलीस. पुढे ती बाई कणकवलीपर्यंत तुझ्या खांद्यावर झोपली.

मी मात्र झोपले नाही. मला तेव्हापासून तो नाद लागला. काहीही दिसलं की विचारायचे, ही खुर्ची कुठली, हा रुमाल कुठला. सर्दीची गोळी? तोही रुमाल, दुसऱ्या खुर्चीवरचा. आमच्या ह्यांची रक्त पातळ ठेवायची गोळी? तू म्हणालीस तो टाकलेला नाही, खुर्चीला शिवलेला रुमाल आहे, उचलता येत नाही. ती खुर्चीच जुनी होऊन मोडीत निघाली आणि नवी आली तरच जागा मोकळी. म्हणून दात काढण्याआधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा, आज गोळी चुकवली म्हणून उद्या रक्त थांबेल असं समजू नका. ह्यांनी इतकी वर्षं ती गोळी घेतली होती, पण कुणी असं सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल. खुर्ची दाखवली नव्हती.

आणि आपलं ते एक भांडण मिटलंच नाही बघ. मी विचारलं होतं, काही कंडक्टर असे असतात की गाडी रिकामी असली तरी सवयीने घंटी मारतात. तिथे तुझा रुमाल काय करणार? उतारूच नाही तर जागा कुणापासून धरणार? तू पोळी लाटत होतीस, लाटणं खाली ठेवलंस. म्हणालीस, "अगं, असतात अशा खुर्च्या. रिकाम्या असल्या तरी हळूहळू घंटी वाजवत राहतात. आमच्यातही हे उशिराच लक्षात आलं. आणि काही रुमाल नुसती जागा धरत नाहीत, त्या कंडक्टरलाही गप्प बसवतात. सर्दीच्या गोळ्या बऱ्याचशा तशाच." मी म्हटलं, मग त्याला रुमाल म्हणू नकोस, तो डेपो मॅनेजर झाला. तू म्हणालीस रुमालच. मी म्हटलं डेपो मॅनेजर. यावर आपण एक अख्खा श्रावण बोललो. मी अजूनही डेपो मॅनेजरच म्हणते.

आता माझ्या हातांचं.

हलव्याचं काम म्हणजे बोटांचं काम. परातीखाली मंद आच, परातीत खसखस, वरून चमच्या चमच्याने पाक, आणि बोटांनी ते हलवत राहायचं. घाई केली की गोळे, आच वाढली की पिवळे. दाण्याला काटा यायला निवांत हात लागतो. आणि मग ओवणं. हार, बाजूबंद, बाळाचा मुकुट, एकेक दाणा सुईत. मग एका वर्षी सुई दाण्यात जाईना. हात थरथरायचे. माझ्या आईचेही थरथरायचे. मी मनाशी म्हटलं, वाट लागली, कंपवात. कुणाला बोलले नाही. ऑर्डरी परत करायला लागले, डोळ्यांचं निमित्त सांगून.

तुला कसं कळलं, ते तू नंतर सांगितलंस. मी तुला कप अर्धा भरून द्यायला लागले होते. बस, एवढ्यावरून. दुसऱ्या दिवशी रिक्षात घातलंस आणि डॉक्टरांसमोर नेऊन बसवलंस. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, आजी, चकली काढा. मी म्हटलं, साच्याशिवाय? पेनने वेटोळं काढायचं होतं. माझी चकली अशी निघाली की तळणीत टाकली असती तर विरघळली असती. त्यांनी बरंच तपासलं, चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि म्हणाले हा कंपवात नाही. हा नुसता कंप, घराण्यात चालत येणारा. एक गोळी देऊन बघू. आणि लिहायच्या आधी पेन थांबवून विचारलं,

"दमा आहे? लहानपणी होता? छातीत कधी शिट्टी वाजते?"

मी नाही म्हटलं. मग लिहिलं. मला कळेना, थरथरतात हात, हे छातीत काय शोधतायत? रिक्षात तुला विचारलं. तू नेहमी असं काही सांगायला लागलीस की हाताने रिक्षातली हवा बाजूला सारायचीस, जागा करायचीस.

"ॲड्रेनलिनच्या खुर्च्या एकाच ठिकाणी नाहीत गं. हृदयात आहेत, तिथे बसलं की धडधड. हाताच्या स्नायूंत आहेत, तिथे बसलं की थरथर. आणि फुप्फुसात आहेत, तिथे मात्र बसलं की श्वासाच्या नळ्या सैल होतात, मोकळ्या. तुझी ही गोळी म्हणजे जुना, चांगला, पण आंधळा रुमाल. तिन्हीकडे पडतो. तुझ्या हातांत पडला की थरथर थांबेल. पण दमेकऱ्याच्या फुप्फुसात पडला तर नळ्या आवळतील. आणि तो बिचारा पंप ओढायला जाईल, तर पंपातल्या औषधालाही तीच खुर्ची लागते. तिथे रुमाल. आता बसू कुठे?"

मी मग विचारलं, "आणि तुझे रुमाल?"

तेव्हा तू पहिल्यांदा सांगितलंस. तुझी लेक ऋचा लहानपणापासून दमेकरी. शाळेच्या दप्तरात डब्यासोबत पंप. आणि तू लॅबमध्ये शोधत होतीस एक असा रुमाल जो फक्त हृदयाच्या खुर्चीवर बसेल, फुप्फुसाच्या खुर्चीला शिवणारही नाही. "तसे थोडेफार आहेत बाजारात," म्हणालीस, "पण जास्त टाकले की घसरतात आणि जायचं नाही तिथे जातात. मला न घसरणारा हवा होता." आणि तो झालाही होता म्हणे. काचेच्या बशीत इतका देखणा बसला की तुझ्या हाताखालच्या मुलींनी पेढे आणले. पुढे प्राण्यांवर बघितलं तर यकृताला तो सोसेना. काम बंद. फाइल कपाटात. त्या दिवशी घरी येऊन तू स्टुलावर चढून घरातले सगळे पंखे पुसलेस, एकेक पातं. मी तेव्हा दारातून विचारलं होतं, दिवाळी आलीय का गं? मला काय माहीत.

गोळीने माझे हात पूर्ण थांबले नाहीत, पण सुई दाण्यात जाईल इतके स्थिर झाले. त्यानंतर पहिला दागिना केला तो तुझ्या नातवाच्या बोरनहाणाचा मुकुट. तुझ्यासमोर धरला आणि म्हटलं, हे बघ, हे तुझं काम. तू म्हणालीस, "ही गोळी मी नाही शोधली. माझ्या किती आधीपासून आहे ती. श्रेय नको देऊस, काटे छान आलेत." अशी तू. कौतुकाच्या खुर्चीवर स्वतःच रुमाल टाकून ठेवायचीस.

आणि आता येते पाटणकरबाईंकडे.

पाटणकरबाई आपल्या खालच्या मजल्यावरच्या. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा, त्यात बिल्डिंगभरच्या उरलेल्या गोळ्या. कुणाचं डोकं दुखलं, कुणाला चक्कर आली, की पाटणकरबाई डबा उघडणार. "ही घे, आमच्या ह्यांना झकास लागू पडली होती." मन मोठं, वाईट काही नाही. पण तू तो डबा बघितलास की लाल व्हायचीस. एकदा जिन्यातच म्हणालीस, "अहो, हे काय विरजण आहे का, शेजारणीकडून मागून न्यायला?" त्या म्हणाल्या, "विरजणानेच दही लागतं, डॉक्टरीणबाई." 

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू सोसायटीच्या हॉलमध्ये ते प्लास्टिकच्या खुर्च्यांचं नाटक केलंस. बायका वाणासाठी आल्या होत्या, तू त्यांना खुर्च्या केलंस. मला स्नायू केलंस, कारण मी तशीही अजून थोडी थरथरत होते. सेक्रेटरींच्या सुनेला हृदय केलंस, ती लाजली. आणि पाटणकरबाईंना फुप्फुस. प्रत्येकीच्या मांडीवर रुमाल ठेवलास आणि एकेकीला उतारू करून, एकीला दम्याचा पंप करून पाठवलंस, बसायला जागा मिळते का बघ म्हणून. सगळा गोंधळ. हसून हसून पुरेवाट. पाटणकरबाई तेवढ्या ढिम्म. मांडीवर रुमाल तसाच, डोळे मिटलेले. शेवटी डोळे उघडून एवढंच विचारलं, "कॉफी आहे ना?"

घरी येताना तू म्हणालीस, "शके, त्यांना ओ की ठो कळलं नाही. मी कशाला करते हे सगळं?"

हे शब्द लक्षात ठेव हं. पुढे लागणार आहेत.

तू गेल्यानंतरचे दिवस. घर माणसांनी भरलेलं, हॉलमधून आणलेल्या त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, उदबत्तीचा धूर. ऋचा येणाऱ्या प्रत्येकाला दार उघडत होती, प्रत्येकाला तेच तेच सांगत होती. धुराने तिची छाती भरली होती, सकाळपासून सारखी आत जाऊन पंप ओढत होती. पोटात चहाशिवाय काही नाही. दुपारी एकदम भिंतीला टेकली आणि म्हणाली, "काकू, छातीत धडधडतंय गं. थांबतच नाहीये."

मी स्वयंपाकघरात होते, तिचं हे बोलणं ऐकून पदराला हात पुसत बाहेर येतेय, तोवर तुझ्या नणंदेने पर्समधून स्ट्रिप काढलेली. डोंबिवलीहून आल्या होत्या, बिचाऱ्या दोन दिवस भाचीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "ही घे राणी. माझी रोजची गोळी आहे, ब्लडप्रेशरची, साधीच. धडधडीवर एक नंबर." ऋचाने बघितलंही नाही. हात पुढे केला. पोर दम्याची औषधं जन्मभर घेतलेली, एरवी तिने नाव वाचलं असतं. पण आई गेलेली, आत्याने दिलेली, कोण वाचतं? गोळी तळहातावर आली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"थांब."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून. पाटणकरबाई.

"ती गोळी कुठल्या खुर्चीवर बसते ते आधी सांगा."

तुझ्या नणंदेला वाटलं, बाईंना बसायला खुर्ची हवीय. त्या उठून आपली खुर्ची देऊ लागल्या. पाटणकरबाई उठल्या, गुडघ्यांचा एवढा त्रास, पण चालत आल्या आणि ऋचाच्या तळहातावरची गोळी उचलून घेतली.

"पोरीला दमा आहे. ही हृदयावर पडायची तशी छातीतही पडेल. मग पंप बसणार कुठे?"

"अहो, साधी बीपीची गोळी आहे," नणंदबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? मी फुप्फुस होते."

वैजू, सगळं घर त्यांच्याकडे बघायला लागलं. तुझे व्याही, गुरुजी, सगळे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला तुला हाक मारायची होती. मी खरंच वळले, तू गॅसजवळ आहेस असं धरून.

स्ट्रिप वाचली. माझीच गोळी निघाली गं. तीच, जुना आंधळा रुमाल. डॉक्टरांना फोन लावला, दिली नाहीत ना, एवढंच त्यांनी पहिल्यांदा विचारलं, आणि ताबडतोब आले. ऋचाला तपासलं. म्हणाले, पंपानेच धडधड वाढलीय, इतका ओढलाय, त्यातलं औषध थोडं हृदयाच्या बाजूलाही जातं. त्यावर उपाशी पोट. उदबत्त्या बंद करा, खिडक्या उघडा, हिला भात खायला घाला. पंप कसा आणि किती घ्यायचा तेही लिहून दिलं. आणि ती गोळी? म्हणाले, या छातीला आज ही गोळी गेली असती तर मी इथे घरी बसून बोलत नसतो.

पुढचं ऐक. तुझ्या नणंदबाई रडायला लागल्या, मी पोरीला काय देत होते गं बाई. आणि पाटणकरबाईंनी काय करावं? त्यांची समजूत घातली नाही. समोर दोन खुर्च्या ओढल्या आणि एकीवर स्वतः बसल्या. रुमालांना त्या घरात काही तोटा नव्हता, सगळ्यांच्या हातांत ओले रुमाल. त्यातला एक घेऊन मांडीवर पसरला.

"या. तुम्ही पंप. बसा इथे."

"अहो, रुमाल आहे तिथे."

"तेच तर सांगतेय."

नणंदबाई रडता रडता हसल्या. मग ऋचा हसली. बायका पुढे सरकल्या. कोणी विचारलं, मग आमच्या ह्यांची गोळी कुठल्या खुर्चीवर? पाटणकरबाई म्हणाल्या, ते मला नाही माहीत, मी फक्त फुप्फुस. डॉक्टरांना विचारा. आणि डॉक्टर, ज्यांना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं, ते चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या हृदय झाले.

तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, तुझं ते नाटक पुन्हा झालं वैजू. तुझ्याशिवाय. एकही शब्द न चुकता.

संध्याकाळी खाली गेले तर पाटणकरबाई तो पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हटलं, त्या दिवशी तर तुम्ही झोपला होतात. म्हणाल्या, "डोळे मिटले की नीट ऐकू येतं. आणि तिने मला फुप्फुस केलं होतं ना, ते मी विसरेन होय? जन्मात कुणी मला कसलं काही केलं नव्हतं." डब्यातल्या गोळ्या त्यांनी केमिस्टकडे नेऊन दिल्या. आता त्यात शंकरपाळे आहेत. जरा तेलकट, पण आहेत.

तर वैजू, हे असं आहे. तू म्हणायचीस एकही रुमाल दाराबाहेर पडला नाही. रुमाल नसेल पडला. रुमाल कुठे टाकायचा नाही, हे मात्र पडलं की बाहेर. जिना उतरून पाटणकरबाईंकडे गेलं, तिथे डोळे मिटून बसून राहिलं, आणि तू नसताना वर आलं. तू उमेदीची वर्षं ज्या छातीसाठी घातलीस त्याच छातीपाशी येऊन उभं राहिलं. लॅबमधल्या बशीत जे जमलं नाही ते तुझ्या दिवाणखान्यात जमलं. याला वाया जाणं म्हणतात का गं? कुठल्या भाषेत?

मला राग एवढाच आहे की तू हे बघायला हवी होतीस. तू बघितलं असतंस तर काय केलं असतंस तेही मला माहीत आहे. "योगायोग," म्हणाली असतीस, आणि गॅस बघायला आत गेली असतीस, आणि आत जाऊन पदराने डोळे पुसले असतेस.

ऋचा परत जाईपर्यंत माझ्याकडे जेवते. मी तिला डेपो मॅनेजरचं सांगितलं. ती म्हणाली, "आई बरोबर होती काकू, रुमालच." बघ, घरात एक मूल ठेवून गेलीस ते माझ्याशी भांडायला. चालेल. तो वाद तिच्याबरोबर पुढे नेते. पण आपला तो दुसरा वाद, गॅलरीतला, तो आज संपला. तू अशीच पटकन मानणार नाहीस, म्हणशील नुसत्या बोलण्याने काय होतं, पुरावा दाखव.

दुपार आहे. भांडी आवरून मी हे लिहायला बसलेय, हात बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागतायत. तुझी लेक आतल्या खोलीत माझ्या पलंगावर झोपलीय. दार लोटलेलं आहे. पंखा मी मुद्दाम बंद ठेवलाय, त्याचा आवाज नको म्हणून.

शिट्टी नाही, घरघर नाही. आत, बाहेर. आत, बाहेर.

ऐक.